विश्वासू कारभारी : जॉर्ज म्युलर

शाळेत एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या फीसाठी किंवा स्नेहसंमेलनासाठी वर्गणी गोळा करावयाची असली, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, पैसे कोणाच्या हाती द्यावेत? वर्गातील सर्वांत हुशार मुलगाच या कामी निवडला जातो असे नाही. खेळात पुढे असणारा निवडला जातो असेही नाही. मुले एकमेकांस पुरती ओळखून असतात. ज्याच्या हातून पै इकडची तिकडे होणार नाही अशी त्यांची खात्री असते, त्याच्याच हाती ती पिशवी जाते. आता समजा, एखाद्या मुलाने घरात चोरी केली आहे, मित्रांस फसविले आहे, आणि लबाडीपायी तुरुंगही पाहिला आहे. तर त्याच्या हाती कोणी एक रुपया तरी देईल काय? आम्हीही दिला नसता, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. परंतु अशाच एका मुलाच्या हाती पुढे देशोदेशींच्या लोकांनी सुमारे १५ लाख पौंड निःशंकपणे सोपविले. त्यातील मोठा भाग पोरक्या मुलांच्या अन्नवस्त्रासाठी व शिक्षणासाठी खर्च झाला, आणि त्याच्या हयातीत १०,००० हून अधिक अनाथ बालकांस त्यातून घर मिळाले. त्या पुरुषाचे नाव जॉर्ज म्युलर. आमच्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या मातापित्यांस त्याचे चरित्र सांगावे असे पुष्कळ दिवसांपासून आमच्या मनात होते.

म्युलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियाच्या राज्यात, क्रोपेनश्टेट या लहानशा गावी झाला. तो मुलूख आज जर्मनीत मोडतो. वडील सरकारी जकात वसूल करणारे अधिकारी होते. मुलांस पैसा जवळ बाळगण्याचे वळण लागावे म्हणून ते त्यांच्या वयाच्या मानाने पुष्कळच पैसा त्यांच्या हाती देत असत. जॉर्ज तो उधळून टाकी, आणि हिशेब मागितला म्हणजे खोटा देई. पुढे तर घरात ठेवलेल्या सरकारी पैशासच तो हात लावू लागला. वडिलांस संशय आला. त्यांनी एके दिवशी एक रक्कम मोजून जॉर्ज बसला होता त्या खोलीत ठेविली आणि ते बाहेर निघून गेले. परत येऊन पाहतात तो पैसे कमी! झडती घेतली, तेव्हा चोरलेला पैसा त्याच्या बुटात तळपायाखाली सापडला. शिक्षा झाली. परंतु त्या शिक्षेचा परिणाम एवढाच की, पुढल्या वेळी सापडू नये म्हणून कोणती युक्ती योजावी याचा विचार तो करू लागला. त्या वेळी त्याला दहावे वर्षही पुरते लागले नव्हते.

मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तीत देवाच्या सेवेचा विचार थोडा, आणि मुलास सुखाची नोकरी मिळून आपला वृद्धापकाळ त्याच्या घरी स्वस्थपणे जावा, हा विचार अधिक होता. त्यासाठी जॉर्जला हाल्बरश्टाट येथील शाळेत पाठविण्यात आले. तो १४ वर्षांचा असताना त्याची आई वारली. ज्या रात्री ती घरी अखेरच्या घटका मोजीत होती, त्या रात्री हा मुलगा काही एक न जाणता पहाटे दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी मद्य पिऊन रस्त्यातून हिंडत होता. लौकरच त्याचा दृढीकरणाचा विधी व्हावयाचा होता. त्या विधीची दक्षिणा म्हणून वडिलांनी जे पैसे दिले, त्यांचा बारावा हिस्सा तेवढा त्याने धर्मगुरूंस दिला आणि बाकीचे अकरा हिस्से आपल्या खिशात घातले. प्रभूच्या मेजाजवळ जाण्याच्या पूर्वतयारीतही त्याचा हात स्वच्छ राहिला नाही.

सोळाव्या वर्षी तो मोठमोठ्या खानावळींत उतरून बिल न देता पसार होऊ लागला. १८२१ च्या अखेरीस वुल्फेनब्युटेल येथे तो पकडला गेला आणि सुमारे साडेतीन आठवडे तुरुंगात राहिला. वडिलांनी पैसे भरून त्यास सोडविले व घरी आणून चांगला चोप दिला. तरीही पालट झाला नाही. पुढे नोर्डहाउझेन येथे शिकत असताना हाती आलेले पैसे उडविल्यावर त्याने स्वतःच आपल्या पेटीचे कुलूप मोडले आणि चोरी झाली असा कांगावा केला. मित्रांस दया आली. त्यांनी आपसात वर्गणी करून त्याची भरपाई करून दिली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. खोटी अडचण सांगून लोकांच्या दयेवर पैसे मिळविणे किती सोपे असते, हे त्या मुलास कोवळ्या वयातच कळून चुकले होते.

१८२५ साली तो हाले येथील विद्यापीठात धर्मशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाला. त्या वर्षी काही मित्र मिळून स्वित्झर्लंडच्या प्रवासास निघाले. सर्वांच्या खर्चाची थैली जॉर्जकडे होती. त्याने हिशेब असा काही ठेविला की, इतरांस जो खर्च पडला त्याच्या दोनतृतीयांशांतच त्याचा स्वतःचा प्रवास झाला. प्रभूच्या शिष्यमंडळीतही एकाकडे थैली होती व तिचे त्याने काय केले, हे आपणांस ठाऊक आहे. म्युलर यांनी पुढे आपले जीवनवृत्त लिहिले तेव्हा स्वतःची तुलना त्या शिष्याशी, यहूदाशी, करण्यास ते कचरले नाहीत. वर सांगितलेले सर्व अपराध आपणांस कळले आहेत ते त्यांनी स्वतः लिहून ठेविले म्हणून. दुसऱ्या कोणी उकरून काढले म्हणून नव्हे.

अशा या तरुणाच्या आयुष्यात पालट घडविणारा प्रसंग बाहेरून पाहता अगदी साधा होता. १८२५ च्या नोव्हेंबरातील एका शनिवारी संध्याकाळी एक मित्र त्याला हाले येथील वाग्नर नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी घेऊन गेला. तेथे थोडी माणसे जमून गीत गात, शास्त्रवाचन करीत आणि छापील उपदेश वाचीत. कारण दीक्षित उपदेशकाच्या गैरहजेरीत कोणी उपदेश करणे त्या राज्याच्या कायद्याने मना होते. प्रार्थनेच्या वेळी त्यांतील एक गृहस्थ गुडघे टेकून बसले. जॉर्जने तोपर्यंत कोणास गुडघे टेकलेले पाहिले नव्हते, आणि स्वतःही कधी टेकले नव्हते. तो धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, त्याच्यापाशी शेकडो पुस्तके होती, परंतु त्या घरातील माणसांस जे लाभले होते ते आपणांस लाभलेले नाही, हे त्यास त्या रात्री उमगले. ज्याला बापाचा मार, शाळेचा धाक आणि तुरुंगाच्या भिंती बदलू शकल्या नाहीत, तो एका मनुष्यास मनोभावे देवापुढे नमलेले पाहून बदलला. आम्हां शिक्षकांनी व पालकांनी याचा विचार करण्यासारखा आहे. पैसे मोजून ठेवून चोरी पकडता येते. परंतु पकडलेल्या मुलास चोरीचाच वीट यावा, यासाठी मोजण्याहून निराळे काही घरात दिसावे लागते.

सारे दुर्गुण एका रात्रीत गेले असे नाही. पण दिशा बदलली. आता त्यास मिशनरी व्हावयाचे होते. वडील संतापले, तेव्हा त्यांच्या इच्छेविरुद्ध जावयाचे तर त्यांचा पैसा घेणे योग्य नव्हे, असे ठरवून तो काही अमेरिकन विद्वानांस जर्मन शिकवून आपला खर्च भागवू लागला. १८२९ साली म्युलर लंडनला गेले. प्रकृती बिघडल्यामुळे हवापालटासाठी ते डेव्हन परगण्यात समुद्रकाठी गेले, आणि तेथे टीनमथ या गावच्या एका लहान मंडळीने त्यांस आपला पाळक नेमले. १८३० च्या ऑक्टोबरात मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच महिन्यात त्यांनी ठरीव पगार घेण्याचे सोडले. त्या काळी उपासनामंदिरातील जागांचे भाडे घेत, व त्यातून उपदेशकाचा पगार निघे. श्रीमंतास पुढची जागा व गरिबास मागची, ही रीत त्यांच्या मनास पटेना. त्यांनी मंदिरात एक पेटी ठेविली. ज्यास जे द्यावेसे वाटेल ते त्याने तीत टाकावे, आणि आपण आपली गरज देवावाचून कोणास सांगू नये, असा त्यांनी पत्नीच्या संमतीने निश्चय केला.

१८३२ साली हे कुटुंब ब्रिस्टल शहरी राहावयास आले. त्याच वर्षी तेथे महामारीची साथ पसरली. घरोघर आजाऱ्यांस भेटताना गरिबांची दशा त्यांनी जवळून पाहिली. पोरक्या मुलांस त्या काळी इंग्लंडात गरीबखान्याचा रस्ता धरावा लागे. म्युलर यांनी चालविलेल्या एका शाळेत येणारा असाच एक अनाथ मुलगा शहराबाहेरच्या गरीबखान्यात नेला गेला. आता आपली शाळा सुटली, याचे त्या मुलास अतिशय दुःख झाले. ही हकीकत म्युलर यांच्या मनातून जाईना. १८३५ च्या नोव्हेंबरात ते एका घरी चहास गेले असता तेथे ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांचे चरित्र त्यांच्या दृष्टीस पडले. या फ्रांके यांनी शतकापूर्वी हाले येथेच मोठे अनाथगृह उभारिले होते, आणि विद्यार्थिदशेत म्युलर स्वतः त्या इमारतीत काही दिवस राहिले होते. जुनी आठवण आणि नवे दुःख यांची गाठ पडली.

त्यांच्या हेतूत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या मंडळीतील कष्टकरी लोक दिवसास चौदा चौदा, सोळा सोळा तास राबत. काम कमी केले तर मुलेबाळे उपाशी मरतील ही धास्ती त्यांस सोडीत नसे. देव आजही आपल्या लेकरांची काळजी वाहतो, याचा डोळ्यांस दिसणारा पुरावा या लोकांपुढे असावा, असे म्युलर यांस वाटले. एका निर्धन मनुष्याने कोणाजवळही न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथगृह चालविले, तर तोच तो पुरावा होईल.

९ डिसेंबर १८३५ रोजी त्यांनी सभा भरवून आपला बेत मांडला, आणि मुद्दाम तेथे वर्गणी गोळा केली नाही. पुढे थोडे थोडे पैसे, भांडीकुंडी, कापड येऊ लागले. शिवणकाम करून आठवड्यास काही थोडे शिलिंग मिळविणाऱ्या एका दुर्बळ प्रकृतीच्या बाईने १०० पौंड आणून दिले. एवढी रक्कम पाहून म्युलर बिचकले. चौकशी करता असे कळले की, तिच्या वडिलांच्या पश्चात तिला काही पैसा मिळाला होता. वडील कर्ज ठेवून गेले होते. सावकारांशी थोडक्यात तडजोड झाली होती, तरी राहिलेले कर्ज तिने गुपचूप फेडले, आईस तिचा वाटा दिला, आणि मग ही देणगी आणली. म्युलर यांनी तिला पुनःपुन्हा विचार करावयास सांगितले. भावनेच्या भरात दिलेला पैसा त्यांस नको होता. तिचा निश्चय ढळत नाही असे पाहिले तेव्हाच त्यांनी तो स्वीकारिला. ज्या तरुणाने एके काळी मित्रांच्या दयेचा बाजार मांडला, तोच आता एका गरीब बाईचे पैसे घेण्यापूर्वी तिला थांबवून धरीत होता.

घर भाड्याने घेतले, सामान आले, काम करावयास माणसे मिळाली. मुलांचे अर्ज घेण्यासाठी ३ फेब्रुवारी १८३६ हा दिवस ठरला. म्युलर जाऊन बसले, पण एकही अर्ज आला नाही! परत जाताना त्यांच्या ध्यानी आले की, आपण पैसा, घर, माणसे, सर्वांसाठी प्रार्थना केली. मुले तर येतीलच असे गृहीत धरून त्यांच्यासाठी मात्र प्रार्थना केलीच नाही. त्या रात्री त्यांनी ती केली, व दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीट येथील घरात पहिल्या मुली राहावयास आल्या. काही वर्षांत त्या रस्त्यावर अशी चार घरे झाली आणि सव्वाशेच्या वर मुले त्यांत नांदू लागली.

आता खरी कसोटी सुरू झाली. १८३८ पासून पुढली काही वर्षे अशी गेली की, सकाळी उठावे तो पेटीत दुपारच्या जेवणापुरताही पैसा नसावा. म्युलर व त्यांचे सहकारी एकत्र जमून प्रार्थना करीत. सहकाऱ्यांनी आपल्या पदरचे पैसे द्यावेत. परंतु बाहेर कोणाजवळ एक शब्दही काढावयाचा नाही आणि उधार काही आणावयाचे नाही, असा दंडक होता. दूध व पाव हेही रोखीने घेतले जात. १८३८ च्या सप्टेंबरात अशाच एका दिवशी सगळे उपाय थकले असता लंडनकडून आलेल्या एका बाईने तीन पौंडांहून थोडी अधिक रक्कम आणून दिली. ती बाई चार-पाच दिवसांपासून अनाथगृहाच्या शेजारच्याच घरी उतरली होती! म्हणजे ज्या पैशासाठी या घरात प्रार्थना चालली होती, तो भिंतीपलीकडे आधीच येऊन पडला होता. मुलांचे जेवण चुकले नाही, आणि कालचा दिवस कसा निभावला याची मुलांस वार्ताही नसे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस विचारील की, म्युलर दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल काढीत असत. मग तो अहवाल म्हणजेच एक प्रकारची मागणी नव्हे काय? हा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांस हिशेब दाखविणे हे तर कर्तव्यच होते. परंतु १८४१ च्या डिसेंबरात अहवाल वाचण्याची सभा भरविण्याची वेळ आली तेव्हा तिजोरी रिकामी होती. त्या वेळी सभा भरविली असती तर लोकांनी आपण होऊन मदत केली असती. म्युलर यांनी नेमक्या त्याच कारणासाठी सभा पुढे ढकलली. खोट्या अडचणीची हाकाटी करून वर्गणी उकळणारा मुलगा, आता खरी अडचणही लोकांच्या कानी पडू नये म्हणून दाराशी उभा राहिला होता. या चरित्रातील सर्वांत मोठा चमत्कार आम्हांस हाच वाटतो. पैसे आले हा चमत्कार खराच. पण ज्या हाती ते आले तो हात बदलला, हा त्याहून मोठा.

मागणे हे पाप आहे असा मात्र याचा अर्थ कोणी करू नये. यरुशलेमेतील गरिबांसाठी पौल प्रेषिताने मंडळ्यांकडे मदत मागितली होती, आणि आमच्या देशातील कित्येक शाळा व दवाखाने लोकांपुढे पदर पसरूनच उभे राहिले आहेत. म्युलर यांनी स्वतःपुरता एक मार्ग पत्करिला व तो शेवटपर्यंत पाळला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

१८४५ च्या ऑक्टोबरात विल्सन स्ट्रीटवरील एका शेजाऱ्याने सभ्य भाषेत पत्र लिहिले की, मुलांच्या गोंगाटाने शेजारच्या लोकांस त्रास होतो. म्युलर यांनी पत्र वाचून शेजाऱ्यास दोष दिला नाही. मुलांस खेळावयास मोकळी जागा हवी, हे त्यांसही पटले. शहराबाहेर ॲशली डाऊन नावाच्या टेकाडावर सुमारे सात एकर जमीन होती. मालकाने एकरी २०० पौंड भाव ठरविला होता. पण तो एका रात्री तीन वाजता जागा झाला, त्याला दोन तास झोप येईना, आणि ही जमीन अनाथांसाठी १२० पौंड भावाने द्यावी असे त्याने अंथरुणातच ठरविले. पैसा पुरता हाती आल्यावाचून बांधकामास हात घालावयाचा नाही, हा नियम येथेही पाळला गेला. १८ जून १८४९ रोजी ३०० मुलांचे पहिले घर उघडले. दुसरे १८५७ साली, तिसरे १८६२ साली, चौथे १८६८ साली आणि पाचवे १८७० साली तयार झाले. पाचही घरे मिळून २,०५० मुलांची सोय झाली. १८५७ साली सुप्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात या कामाची माहिती छापून आली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यातील एक हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. पहिल्या घरातील खोल्या गरम ठेवणाऱ्या बंबास गळती लागली. बंब विटांच्या बांधकामात बसविलेला. तो दुरुस्त करावयाचा तर विस्तव विझविणे भाग होते. घरात ३०० मुले, त्यांत अगदी लहानही पुष्कळ. आणि कामाचा दिवस ठरल्यावर उत्तरेचा बोचरा वारा वाहू लागला. म्युलर यांनी दोन गोष्टींसाठी प्रार्थना केली : वारा दक्षिणेकडून वाहावा, आणि कामकऱ्यांस नेटाने काम करण्याची बुद्धी व्हावी. ठरल्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला व हवा उबदार झाली. संध्याकाळी कारागिरांचा मुकादम येऊन म्हणाला की, माणसे रात्री उशिरापर्यंत थांबून उद्या पहाटे परत येतील. पण माणसांनी आपण होऊनच रात्रभर काम करावयाचे पत्करिले. सुमारे तीस तासांत बंब पुन्हा पेटला. त्या अनोळखी कामकऱ्यांनी पोरक्या मुलांसाठी जागविलेली ती रात्र आम्हांस कोणत्याही देणगीइतकीच मोलाची वाटते.

या घरांत मुलांस केवळ पोटास घालून मोठे केले जात नसे. वाचन, लेखन, गणित, इतिहास, भूगोल, गायन आणि शास्त्रपाठ हे सर्व शिकविले जाई. मुलगेही मोजे विणीत, कपड्यांस ठिगळ लावीत, आपली अंथरुणे आपण घालीत. चौदा-पंधराव्या वर्षी मुलास एखाद्या चांगल्या कारागिराच्या हाताखाली धंदा शिकावयास ठेवीत, आणि त्याबद्दलची फी संस्था भरीत असे. मुली थोड्या अधिक दिवस राहत, व मग त्यांस विश्वासाच्या घरी कामास लावीत. निघताना मुलाजवळ कपडे असत आणि पवित्र शास्त्राचे पुस्तक असे. या व्यवस्थेत एक उणीवही होती, ती सांगणे योग्य होईल. आईबाप दोन्ही वारलेल्या व विवाहित दांपत्याच्या मुलांसच तेथे प्रवेश मिळे. ज्या बालकाच्या कपाळी जन्मापासूनच समाजाने डाग लाविला होता, त्यास ते दार उघडत नसे. थोर पुरुषांची दृष्टीही आपल्या काळाच्या कुंपणापलीकडे नेहमीच पोहोचते असे नाही.

हिशेबाच्या बाबतीत त्यांची रीत कडक होती. प्रत्येक देणगीची पावती दिली जाई, दात्याचे नाव न छापता देणगी अहवालात नमूद होई, जमाखर्च तपासून घेतला जाई, आणि ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामी तो लागे. १८५६ साली एका गृहस्थांनी म्युलर व त्यांचे कुटुंब यांच्या पुढील तरतुदीसाठी ठेव म्हणून १०० पौंड देऊ केले. म्युलर यांनी अशी ठेव घेण्याचे साफ नाकारिले. शेवटी दात्याच्या संमतीने ती रक्कम अनाथांकडे वळली. अहवालांत वर्षानुवर्षे एका निनावी दात्याच्या देणग्या दिसत. तो आपणांस येशूचा एक सेवक एवढेच म्हणवीत असे. तो दाता स्वतः म्युलरच होते, हे लोकांस त्यांच्या मृत्यूनंतर कळले. त्यांच्या स्वतःच्या निर्वाहासाठी लोकांनी जे पैसे दिले, त्यांतील ८१,००० पौंडांहून अधिक त्यांनी या रीतीने देऊन टाकिले होते.

१८७० साली पत्नी मेरी वारल्या. त्यांच्या अंत्यसमयीचा उपदेश म्युलर यांनी स्वतःच केला. पुढे सत्तराव्या वर्षी ते सुवार्तेच्या प्रवासास निघाले, आणि १८७५ पासून १८९२ पर्यंत ४२ देशांतून सुमारे दोन लाख मैल हिंडले. हिंदुस्थानातही ते आले होते. १८९० च्या आरंभी ते जबलपूर येथे असताना त्यांची एकुलती एक कन्या लिडिया ब्रिस्टल येथे वारल्याची तार त्यांस मिळाली. हजारो पोरक्यांचा बाप आपल्या एका लेकीपासून हजारो मैल दूर, आमच्याच देशातील एका गावी, पंचाऐंशीव्या वर्षात ते दुःख सोशीत होता.

९ मार्च १८९८ च्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या खोलीत बिछान्याजवळ मृतावस्थेत आढळले. त्यांचे वय ९२ वर्षांचे होते. प्रेतयात्रेत शेकडो अनाथ मुले चालली, आणि ब्रिस्टलच्या रस्त्यांवर लोकांची दाटी झाली. त्यांच्या मागे राहिलेली मालमत्ता सुमारे १६० पौंडांची भरली. तीतही बराच भाग पुस्तके व घरातील सामान यांचाच होता. काळाबरोबर अनाथांच्या संगोपनाच्या रीती बदलल्या. १९५८ साली त्या पाच इमारती शहराच्या अधिकाऱ्यांस विकण्यात आल्या. म्युलर यांच्या नावाची संस्था मात्र ब्रिस्टल येथे आजही कार्य करीत आहे.

या चरित्राचा एक धागा थेट आमच्या महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. पंडिता रमाबाई यांनी म्युलर यांचे जीवनवृत्त वाचिले होते, आणि आपल्या देशातही केवळ देवावर भार टाकून असे काम करता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर त्यांनी शब्दांनी दिले नाही. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींस त्यांनी आपल्या पदराखाली घेतले, आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे समर्पण केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिस्टल येथे म्युलर यांनी डोळे मिटले होते. एका ठिकाणचा दिवा विझला असे वाटावे तो त्याच्या ज्योतीवर लाविलेला दुसरा दिवा भीमाकाठच्या मुलुखात उजळला होता.

आता आम्ही पुन्हा आपल्या वर्गात येतो. ज्या मुलाच्या हाती सर्वजण पिशवी देतात, त्याने म्युलर यांचे चरित्र वाचून आपला हिशेब अधिक स्वच्छ ठेवावा, हे तर आहेच. परंतु आम्हांस अधिक कळकळ वाटते ती त्या दुसऱ्या मुलाची. त्याचा हात एकदा घसरला आहे. ते सर्वांस ठाऊक झाले आहे. आणि आता त्याच्या हाती कोणी काही देत नाही. त्यास आम्ही सांगतो की, बाळा, क्रोपेनश्टेटचा तो मुलगा तुझ्याहून पुष्कळ पुढे गेलेला होता. जेथे तो वळला तेथे तुलाही वळता येईल. आणि त्या मुलाच्या मातापित्यांस, तसेच आम्हां शिक्षकांस, आम्ही हे सांगतो की, पैसे मोजून ठेवा, चूक दिसली तर शिक्षाही करा. पण त्याला एकदा तरी असे घर दाखवा की, जेथे कोणी खऱ्या मनाने देवापुढे गुडघे टेकलेले त्याच्या दृष्टीस पडेल. आणि तो वळला असे दिसेल त्या दिवशी, मन घट्ट करून, पिशवी पुन्हा त्याच्या हाती द्या.